रस्त्याने दिलेलं नाव

ब्रेझना, २ मार्च १९६९

ओब्राद,

मुलगा झाला. तार मिळाली असेलच, पण तारेत काय मावतं. अंगाने भरलेला आहे, तुझ्यासारखाच सदा भुकेला, आणि रडतो असा की खालच्या आळीतली कुत्री त्याला उत्तर देतात. मी बरी आहे. सासूबाई कोंबडीचं सूप पाजून दमल्या नाहीत, मीच पिऊन दमले.

तू लिहिलंस की नाव राडोवानच ठेवायचं, बाबांचं नाव वर यायला हवं. गवरिलोकाकांनाही तू परस्पर पत्र टाकलंस, संत जॉर्जच्या सणाला बाप्तिस्मा उरकून घ्या म्हणून. मला विचारलं असतंस तर हात झडले नसते. तुमच्या घरातल्या प्रत्येक पोराचा धर्मबाप गवरिलोकाकांच्याच घरचा असतो, हे मला माहीत आहे. पण राडोवान आपल्याकडे होऊन गेला, ओब्राद. टेकडीवर मातीत आहे तो. त्याच्या शेजारी तिहोमिर. दोघांनाही गवरिलोकाकांनीच हातावर घेऊन नावं दिली होती, दोन्ही नावं तुमच्या घरातली, मानाची. एकाने पहिला हिवाळा पाहिला नाही, दुसऱ्याने पहिला उन्हाळा. तिसऱ्याच्या नावाची मला घाई नाही. तूही करू नकोस.

सोन्याचा क्रूस आत्ताच पाठवू नकोस. छपराचं काम झालं, दोन्ही गाई ठीक आहेत, बर्फ अजून अडवतो आहे.

सोबत फोटो आहे. उजव्या कानावर केसांची एक बट कमी दिसेल. घाबरू नकोस, खरूज वगैरे काही नाही.

स्तामेना

*

ब्रेझना, २७ मार्च

ओब्राद,

तर द्रागुटिनने तुला सांगितलंच. त्याच्या बायकोच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि ती जे लिहिते ते तो तुमच्या त्या बराकीत सगळ्यांना वाचून दाखवतो. म्हणजे आता स्टुटगार्टमध्ये वीट रचणाऱ्या आपल्याकडच्या प्रत्येक माणसाला माझ्या पोराचं नाव माहीत आहे आणि बापाला ते शेवटी कळलं. हे चुकलं. तुला माझ्याकडून कळायला हवं होतं. पण तू लिहितोस की 'माझ्या पोराला तुर्काने बाटवलं', तेवढं मात्र मी ऐकून घेणार नाही. बाटवलं नाही. नाव दिलं. आणि आम्ही त्याला बोलावून आणला नव्हता, तो रस्त्याने आला.

कल्पना माझी नव्हती, तुझ्या आईची होती. आता त्या नाकबूल करतात, करू देत. बाळंत झाल्याच्या तिसऱ्या दिवशी माझ्या उशाशी बसून म्हणाल्या, "पोरी, ज्या घरात पोरं टिकत नाहीत तिथे धर्मबापाचा हात बदलतात. मूल तिठ्यावर ठेवायचं. पहिला माणूस येईल तो धर्मबाप, त्याच्या तोंडून निघेल ते नाव. मग ते पोर या घराचं राहत नाही, रस्त्याचं होतं. मरण इथे शोधायला आलं तर त्याला सापडत नाही." मी म्हटलं, आणि गवरिलोकाका? म्हणाल्या, "त्याला राग येईल. राग परवडतो. तिसरी पेटी नाही परवडत."

मी उठले. अंगात ताकद नव्हती तरी उठले. उजाडताना आम्ही दोघी गेलो, पोर घोंगडीत गुंडाळून तिठ्यावरच्या सपाट दगडावर ठेवलं आणि हेझलच्या झुडपामागे बसलो. थंडी अशी की दात वाजत होते. सासूबाई सारखं पुटपुटत होत्या, "देवा, गवरिलोला आज गिरणीला पाठवू नकोस." तो आला असता तर तोच धर्मबाप, पुन्हा तेच हात. मला तर रडू येत होतं आणि त्याच वेळी हसूही.

आधी एक कुत्रा आला. पोराला हुंगून गेला. सासूबाईंनी बोटांनी छातीवर क्रूस काढला आणि म्हणाल्या, "कुत्रा धरत नाहीत."

मग घंटा वाजल्या. पेश्तेरच्या पठारावरून एक धनगर मेंढ्या घेऊन प्रिजेपोल्येच्या बाजाराला निघाला होता. डोक्यावर पांढरी टोपी. म्हणजे मुसलमान, तू म्हणतोस तो तुर्क. सासूबाईंनी माझा दंड असा दाबला की दुसऱ्या दिवशी निळा पडला. मी उठायला लागले, तर त्यांनीच मला खाली ओढलं. "बस. रस्त्याला शिकवायचं नसतं." हे त्यांचे शब्द, ओब्राद. त्यांना विचार.

तो थांबला. पोराकडे पाहिलं, झुडपाकडे पाहिलं. मेंढ्या पुढे निघून चालल्या तरी तो उभाच. सासूबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बाबा रे, या पोराच्या आधीची दोन गेली. पहिलं तोंडात येईल ते नाव सांग."

त्याने विचारलं, "आजी, हे पोर तुमच्यातलं की आमच्यातलं?"

"देवाचं आहे. नाव सांग."

मग वाकून त्याने पोराच्या गालाला बोट लावलं आणि म्हणाला, "ईसा."

सासूबाई खाली बसल्या, रस्त्यावरच. त्याला वाटलं आनंदाने बसल्या. हसून म्हणाला, "तुमचेच ते. तुमच्या चर्चच्या भिंतीवर तेच असतात ना? पीटर, पॉल ही चाकरांची नावं. मी म्हटलं, देतोच आहे तर धन्याचं द्यावं."

त्या भल्या माणसाला कोणी कधी सांगितलंच नव्हतं की आपण आपल्या पोरांना येशूचं, त्यांच्या ईसाचं, नाव देत नाही. त्यांच्यात अर्ध्या गावाची नावं पैगंबरांची. त्याचा स्वतःचा भाऊ ईसा, चुलता मुसा. आपल्या घरी मोठ्यात मोठं जे असेल ते त्याने काढून माझ्या पोराच्या हातात ठेवलं. मी त्याला काय सांगणार होते, की भाऊ, चुकलास?

मग त्याने मेंढ्यांची कातर काढली. चर्चमध्ये तो उभा राहू शकत नाही, पण पहिली बट कापून केसांचा धर्मबाप होऊ शकतो. तुझ्या आजोबांनाही असाच एक होता, हे तुझ्या आईनेच मला सांगितलं आहे. एवढ्याशा डोक्याला एवढी मोठी कातर. मी झुडपामागून पुढे झाले आणि पोराचं डोकं धरलं. त्याने एक बट कापली, रुमालात बांधली, पोराच्या पायाशी चीजचा एक गोळा ठेवला आणि नाव सांगितलं, शाबान. "आता तू माझी बहीण," म्हणाला आणि मेंढ्यांमागे धावत गेला.

वाटभर सासूबाई छातीवर क्रूस काढत आल्या. दारात म्हणाल्या, "देवाच्या लेकाचं नाव! उद्या पोराचं नाक पुसताना काय म्हणायचं, येशू, शिंकर?"

हे असं झालं. पोराने तेव्हापासून एकदाही दूध टाकलेलं नाही. आता तुला जे बोलायचं ते बोल.

स्तामेना

*

ब्रेझना, २१ एप्रिल

ओब्राद,

तुझ्या दोन ओळी पोचल्या. 'बाप्तिस्म्याला राडोवान. नाहीतर मी येईन तेव्हा तू माझ्या घरात नसावीस.' जर्मनीची शाई चांगली दिसते, अजिबात फुटत नाही.

मी कुठे जाऊ ते लिहायला विसरलास. भावाकडे? त्याच्या बायकोला मी आणि गाय यांत निवडायला सांगितलं तर ती विचार न करता गाय निवडेल. पण जाईन. पोराला घेऊन जाईन, हे मात्र नीट वाचून ठेव.

गवरिलोकाका आले होते. मला वाटलं शिव्या घालतील. त्यांनी टोपी काढली, रकियाच्या दारूचा पेला समोर ठेवला तरी त्याला हात लावला नाही. सासूबाई चुलीपाशी पाठ करून उभ्या. ते म्हणाले, "कोसानावहिनी, आपल्या दोन घरांत एवढी वर्षं कोणी कोणाला नाही म्हटलेलं नाही. मला दार बंद केलंत ते एका मेंढपाळासाठी?"

सासूबाईंनी सगळं माझ्यावर ढकललं. "मी नाही. हिच्या डोक्यातलं." त्या माझ्याकडे बघू शकल्या नाहीत, तेवढं मला पुरलं.

मी म्हटलं, "काका, तुमचा अपमान करायचा नव्हता. पण दोन वेळा तुमच्या हातून..."

ते म्हणाले, "बोल ना. माझा हात वाईट, असंच ना? दोघांना मी बाप्तिस्म्याच्या पाण्यातून काढलं आणि दोघांची पेटी मीच खांद्यावरून टेकडीवर नेली. इतकी लहान पेटी एका माणसाला पुरते, दुसरा लागत नाही. तुला वाटतं मी ते विसरलो? माझी बायको मला आपल्या नातवंडांना उचलू देत नाही, स्तामेना. सांगत नाही, पण देत नाही."

मग मीही रडले, तेही रडले, आणि सासूबाईंनी भांडी आपटली. पण नावावर ते हलले नाहीत. म्हणाले, "ओब्रादने मला लिहिलं आहे, राडोवान. बापाचा शब्द आहे. आणि मला एकदा तरी हे हात धुऊन निघालेले पाहायचे आहेत. हा जगला तर माझ्या हातून जगू दे." मला त्यांचा राग यायला हवा होता. तो आला नाही, दया आली. दयेने आपलं पोर कोणी देत नाही.

मी पाद्रीबाबांकडेही गेले. म्हणाले, "देवाचं नाव माणसाला देत नाहीत." मी म्हटलं, "स्पेनमध्ये देतात म्हणे, द्रागुटिनच्या शेजारच्या खोलीत एक गवंडी आहे, त्याचं नाव येशूच आहे आणि तो कोणाला घाबरत नाही." म्हणाले, "ते कॅथलिक." म्हटलं, "मग मुसलमान देतात, कॅथलिक देतात, त्यांच्या पोरांवर वीज पडत नाही. आपल्यालाच का भीती?" म्हणाले, "बाई, तू ओली बाळंतीण आहेस, घरी जा."

कचेरीत तेवढा त्रास नाही झाला. तिथला साहेब कम्युनिस्ट पक्षाचा माणूस. म्हणाला, "आमच्या दप्तरी देव नसतोच, तेव्हा त्याचं नाव चालतं. मागच्या वर्षी एकाने पोराचं नाव ट्रॅक्टर ठेवलं, तेही लिहिलं." त्याने ईसा लिहिलं आणि शिक्का मारला. तर कागदावर तो ईसा आहे. हे तुला द्रागुटिनकडून कळायच्या आधी मीच सांगते आहे.

तू दोन्ही पत्रांत 'पोर' लिहिलंस, 'तो' लिहिलंस, एकदा 'ते' लिहिलंस. त्याला नाव आहे. लिहून बघ, हात मोडत नाही.

स्तामेना

*

ब्रेझना, ७ मे

ओब्राद,

काल संत जॉर्जचा सण झाला. तुझ्या मनासारखं झालं.

रीतीप्रमाणे आई चर्चमध्ये जात नाही, घरी थांबते. मी थांबले. सासूबाईंनी त्याला माझ्याकडून घेतला, माझी बोटं सोडवावी लागली त्यांना. मी मक्याची भाकरी केली, कोकरू भाजायला लावलं, अंगण झाडलं, पुन्हा झाडलं. चर्चची घंटा इथवर ऐकू येते. ती वाजली तेव्हा मी हातातली परात खाली ठेवली आणि उभी राहिले. मला वाटत होतं की गवरिलोकाकांच्या तोंडून ऐन वेळी दुसरं काही निघेल. माणूस काय काय आशा करतो.

त्यांनी राडोवान म्हटलं. स्पष्ट, तीनदा, पाद्रीबाबांनी विचारलं तितक्या वेळा. परत आले तेव्हा पोर त्यांच्या हातात झोपलं होतं. माझ्यापुढे धरून ते म्हणाले, "घे पोरी, तुझा राडोवान." मी घेतलं.

पाहुणे जेवले, नाचले. तुझ्या नावाने पेले उचलले गेले. सासूबाई तुझ्या वडिलांच्या फोटोखाली बसून रडल्या, सुखाने रडल्या म्हणे.

मी त्याला कोणत्या नावाने हाक मारते हे विचारू नकोस. अजून कोणत्याच मारत नाही.

स्तामेना

*

ब्रेझना, ३ जून

ओब्राद,

पोर जगलं आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं नीट वाचशील. तुला तार का केली नाही, असं तू विचारशील. तार कशाची करणार होते? जगेल की जाईल हेच कळत नव्हतं, आणि दोन वेळा मी तुला ती दुसरी तार केली आहे. तिसऱ्यांदा पोस्टात जाऊन तेच शब्द सांगणं माझ्याच्याने झालं नसतं.

गुरुवारी अंग तापलं. शुक्रवारी दूध सोडलं. शनिवारी सकाळी छाती घरघरायला लागली, तिहोमिरची घरघरली होती तश्शीच. तो आवाज मला पाठ आहे. सासूबाईंनीही ओळखला. त्यांनी काही विचारलं नाही, शेजारच्या पोरीला गवरिलोकाकांकडे पिटाळलं. काका घोड्यावर खोगीर न घालता प्रिजेपोल्येला डॉक्टर आणायला गेले. या वयात. जाताना खिडकीतून फक्त एवढंच म्हणाले, "मी पोचेपर्यंत त्याला सोडू नका."

आम्ही दोघीच होतो. भर दुपार, बाहेर ऊन, आणि आत त्याचे ओठ निळे पडत चालले. मी त्याला मांडीवर घेऊन हलवत होते. मला हाक मारायची होती आणि तोंडातून शब्द निघेना, कारण कोणती हाक मारू? राडोवान म्हणू तर ते नाव टेकडीवर आहे. दुसरं म्हणू तर तुझ्या घरात मला ते म्हणायची परवानगी नाही. असं केलंस तू मला. पोर हातातून चाललेलं आणि त्याची आई नाव शोधते आहे.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. त्यांनी डोक्याचा रुमाल घट्ट बांधला, दार सताड उघडलं आणि उंबऱ्यात दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. मला वाटलं त्यांना भ्रम झाला. रिकाम्या अंगणाकडे बघून, बाजारात भांडावं तशा आवाजात त्या म्हणाल्या,

"कोणाकडे आलास? राडोवान? इथे राडोवान कोणी नाही. एक माझा नवरा होता, तो टेकडीवर आहे. एक माझा नातू होता, तोही तिथेच आहे. दोन दोन नेलेस, मोजता येत नाही का तुला? या घरात फक्त ईसा आहे. तो आमचा नाही, रस्त्याचा आहे. त्याच्यावर तुझा काही हक्क नाही. चालता हो."

मग त्या वळल्या, माझ्यासमोर गुडघ्यांवर बसल्या आणि पोराच्या कानाशी तोंड नेलं. "ईसा," म्हणाल्या. "ईसा, माझ्या बाळा. ईसा, इकडे बघ. म्हातारी बोलावते आहे." जे नाव ऐकलं की त्या तीन महिने थुंकत होत्या, ते त्या न थांबता म्हणत राहिल्या. मग मीही म्हणू लागले. दोघी मिळून. घसा बसला तरी थांबलो नाही.

डॉक्टर आला तेव्हाही आमचं तेच चालू होतं. त्याने इंजेक्शन दिलं, संध्याकाळी पुन्हा दिलं, आणि सकाळी पोराने माझा सदरा ओढून दूध मागितलं. इंजेक्शनने वाचला म्हण. नावाने वाचला म्हण. मी कोणाचंच श्रेय काढून घेत नाही. पण डॉक्टर रोज आपल्या घरी नसणार, आणि हाक मला रोज मारायची आहे.

गवरिलोकाका दारातच थांबले होते, आत येईनात. सासूबाईंनी पोर उचलून त्यांच्या हातात दिलं. ते घ्यायला तयार नव्हते, त्यांनी घ्यायला लावलं. काका म्हणाले, "चर्चमध्ये मी जे म्हटलं ते आता परत घेता येत नाही, वहिनी." सासूबाई म्हणाल्या, "घेऊ नकोस. ते देवाकडे राहू दे, तो सांभाळेल. इथे याला काय म्हणायचं ते तू ऐकलंस." काकांनी पोराला छातीशी धरलं आणि ते नाव हळूच म्हणून पाहिलं. चुकत चुकत म्हणाले, पण म्हणाले.

मग मी सासूबाईंना विचारलं, ओब्रादला काय लिहू? चहाचा कप खाली न ठेवता त्या म्हणाल्या, "लिही त्याला. राडोवान माझा नवरा होता. चाळीस वर्षं त्याचे कपडे मी धुतले, त्याच्या शिव्या मी खाल्ल्या, त्याला मातीत मी घातलं. त्याचं नाव बुडणार असेल तर माझं बुडेल. मी बुडू दिलं. माझ्या पोराचं त्यात काय जातं?"

त्यांचे शब्द आहेत, मी एकही बदललेला नाही.

तू लिहिलंस की जुलैत सुट्टी मिळते आहे. ये. मी कुठेही गेलेले नाही आणि जाणार नाही, मी भरून ठेवलेली ट्रंक तुझ्या आईने स्वतः पुन्हा माळ्यावर चढवली. पण घराला आता दिवसाही कडी असते. दार वाजवू नकोस, माझं नाव घेऊ नकोस, आईलाही हाक मारू नकोस. उंबऱ्याबाहेर उभा राहून तुझ्या पोराला हाक मार. एकदाच मार, पण मोठ्याने, आम्ही दोघी आत ऐकत असू.

स्तामेना